कसब्यापासून क्वार्टर गेटपर्यंत

शहर पाहावे ते पायी आणि हिवाळ्यातील उन्हात. तळवड्यास राहणाऱ्या आमच्या बहुतेक कुटुंबांना पुणे ठाऊक आहे ते कामापुरते. रुग्णालय, कॉलेजचा प्रवेश, लग्नाचा बस्ता. काम आटोपले की परतीची बस. म्हणून नाताळानंतरच्या एका गुरुवारी, मुलांना शाळेची आणि थोरांना कारखान्याची सुट्टी साधून, आम्ही वीसेक जण काही काम नसताना पुण्यास निघालो.

अगदीच निष्कारण मात्र नव्हे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने विचारले होते, "फादर, आपण इंग्रजांबरोबर इथे आलो ना?" शाळेत त्यास कुणी तसे सांगितले होते. त्याचे उत्तर फळ्यावर लिहिण्याऐवजी रस्त्यावर दाखवावे, असे आम्ही ठरविले.

पिंपरीहून मेट्रोने कसबा पेठेस उतरलो. ही गाडी सप्टेंबर २०२४ पासून शहराच्या पोटातून थेट मंडई आणि स्वारगेटपर्यंत जाते. भुयारातून वर आलो आणि उन्हाने डोळे दिपले. तांबट आळीत हातोड्यांचा ठेका चालू होता. पेशवाईत कोकणातून येथे येऊन स्थिरावलेल्या तांबटांचे वंशज आजही हंडे-घागरींवर मठारकाम करतात. आमच्यातील एका फिटरने एक घंगाळे उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "आमच्या प्रेसला हे जमायचे नाही." तेथून त्यास हलविण्यास बराच वेळ लागला.

पुढे शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी याचा पाया घातला आणि दोन वर्षांत वाडा उभा राहिला. खर्च १६,११० रुपये. १८२८ च्या आगीनंतर उरले ते तट, दरवाजे आणि चौथरे. मुले तटावरून धावत होती, वडीलधारी मंडळी दिल्ली दरवाजाच्या सावलीत टेकली होती. आम्ही त्या मुलास जवळ बोलावून एवढेच सांगितले, की याच वाड्यात सवाई माधवराव वाढले आणि याच वाड्याच्या सज्जातून पडून १७९५ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी गेले. ते नाव ध्यानात ठेव.

मंडईत शिरलो तेव्हा ऊन माथ्यावर येऊ लागले होते. बोरे, हरभऱ्याच्या गड्ड्या, ताजा पुदिना! १८८६ मध्ये ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावरील खर्चास विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे त्याच मंडईस महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. पुण्याच्या या विनोदावर जोतीराव हसले असते की रागावले असते, हे आम्ही ठरवू शकलो नाही.

गुरुवार पेठेत पंच हौद मिशनपाशी थोडे थांबलो. १८९० मध्ये येथे चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहाची आठवण निघताच सर्वांना चहा हवासा झाला, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर अर्धा तास सहज गेला. मग नाना पेठ. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांनी रस्ता दुतर्फा भरलेला. तेथे पुन्हा आमचे कारखान्यातील बंधू मागे राहिले.

क्वार्टर गेटजवळ सिटी चर्चच्या आवारात पोहोचलो तेव्हा सर्वांचे पाय बोलू लागले होते. पेशव्यांच्या लष्करात गोव्याकडील ख्रिस्ती शिपाई होते, पोर्तुगीज अधिकारीही होते. त्यांपैकी डॉम मिगेल द नोरोन्या या अधिकाऱ्याचे नाव या मंदिराच्या स्थापनेशी जोडलेले आहे. शिपायांना उपासनेसाठी जागा हवी होती. १७९२ मध्ये सवाई माधवरावांनी ती दिली. तेव्हा त्यांचे वय अठरा, आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती. १७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली होती. त्यानंतर त्रेपन्न वर्षांनी चिमाजीआप्पांच्या थोरल्या बंधूंच्या पणतूने आपल्या राजधानीत कॅथलिकांना प्रार्थनेस भूमी दिली. वसईशी नाते सांगणारी दोन कुटुंबे आमच्यात होती. ती हे ऐकताना एकमेकांकडे पाहत राहिली.

आता आम्ही त्या मुलाकडे वळलो. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. पुण्यावर इंग्रजांचे निशाण लागले ते तिच्यानंतर. "मग किती वर्षे आधी?" त्याने बोटे मोडीत हिशेब केला आणि म्हणाला, "पंचवीस." क्षणभर थांबून पुन्हा विचारले, "पण ते शिपाई तर गोव्याचे. आपण तर नगरचे. मग?"

प्रश्न खरा होता. तळवड्यातील आमची कुटुंबे नगर, जालना, वसई अशा कितीतरी ठिकाणांहून पोटासाठी आलेली. त्या शिपायांशी आमचे रक्ताचे नाते नाही. "तेही नोकरीसाठीच आले होते," त्याची आजी डबा उघडता उघडता म्हणाली, "तुझ्या बाबांसारखे." मुलाने मान डोलावली आणि चपातीकडे हात नेला. दुपारचे ऊन अजून भरपूर शिल्लक होते. जेवण झाल्यावर जवळचे लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधविलेले १८६७ चे यहुदी प्रार्थनामंदिर, पाहण्यास मंडळी उठली.