गोदाकाठचे बोर्डिंग आणि दहावीचा उंबरठा

दहावीचा निकाल लागला की त्या रविवारी मिस्सा आटोपून बाहेर पडणारी मंडळी आम्हांस हमखास विचारतात, “फादर, आपल्या शाळेचा निकाल किती टक्के?” आकडा शेजारच्या शाळेपेक्षा दोनाने अधिक असला की चेहरे खुलतात, कमी असला की कुजबुज सुरू होते. एके काळी यापुढचा प्रश्न ‘बोर्डात कोणी आले का’ हा असे. मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे बंद केल्यापासून तेवढा तरी थांबला. आम्हांस या प्रश्नाचा राग येत नाही. मात्र टक्केवारी ही परीक्षेस बसलेल्यांची असते. पाचवीत नाव घातलेल्या मुलांपैकी किती जण परीक्षेच्या बाकापर्यंत पोहोचले, हे ती सांगत नाही. गंगापूर-वैजापूर पट्ट्यातील कॅथलिक शिक्षणाचा इतिहास पाहू लागलो की आमचे लक्ष त्या दुसऱ्या आकड्याकडे जाते. येथील शाळांची सारी शक्ती मुलांना वर्गात टिकवून धरण्यातच खर्ची पडली आहे.

गंगापूर तालुक्याच्या दक्षिणेने गोदावरी वाहते. तिला आमच्याकडे गंगाच म्हणतात. कायगावजवळ प्रवरा तिला येऊन मिळते. आज पुलावरून पलीकडे नेवासे तालुक्यात जायला काही क्षण पुरतात. परंतु १९४८ पर्यंत ही नदी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे ब्रिटिशांचा अहमदनगर जिल्हा. ख्रिस्तसभेच्या सीमाही जवळजवळ तशाच पडल्या होत्या. पलीकडचा मुलूख १८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांताचा. तेथे जर्मन येशूसंघीय काम करीत. फादर ओटो वाइसहाउप्ट यांनी राहुरी तालुक्यातील केंदळ येथे १८७९ च्या सुमारास बस्तान बसविले आणि त्याच केंदळहून १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला. अलीकडचा मुलूख १८८७ च्या नागपूर धर्मप्रांतात मोडे. येथे आले ते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे फ्रेंच धर्मगुरू. हा संघ १८४६ पासून भारतात होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याचे मिशनरी गोदाकाठच्या घोगरगावी पोहोचले. पुढे बोरसरच्या गुरियनबाबांचे नाव तर या भागात ख्रिस्तेतरांच्या तोंडीही बसले. दोन राज्ये, दोन धर्मप्रांत, दोन संघ. पण माणसे एकच. अलीकडची लेक पलीकडे दिलेली, पलीकडची सून अलीकडे आणलेली. नदी कोणाच्याच सोयरिकीआड आली नाही.

शाळेच्या बाबतीत मात्र ती आडवी आली. निजामी राज्यात राजभाषा उर्दू होती. प्राथमिक वर्गात मराठी चाले. वर चढायचे तर उर्दूवाचून गत्यंतर नसे, आणि १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. औरंगाबादेत सरस्वती भुवनसारखी मराठी शाळा १९१५ साली निघाली खरी, परंतु वेशीबाहेर राहणाऱ्या, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या आमच्या लोकांना औरंगाबाद आणि लंडन सारखीच दूर होती. त्यांच्या वाट्याला आला तो मिशनचा मास्तर. तो स्वतः चौथी-सातवी शिकलेला. दिवसा मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवी, संध्याकाळी जपमाळ सांगे, रविवारी फादर येऊ शकले नाहीत तर प्रार्थना चालवी, आणि कोणाचे पत्र आले तर वाचून दाखवी. झाडाखाली, नाहीतर मातीच्या खोलीत ही शाळा भरे. तिचा निकाल कोणत्याही दप्तरात नाही. परंतु आपले नाव लिहिता येणारी पहिली पिढी या मास्तरांनी घडविली.

खेड्यातल्या शाळेला एक रोग होता. तो आजही आहे. दसरा-दिवाळी उलटली की घरेच्या घरे कामाच्या शोधात बाहेर पडत. आधी हरेगावसारख्या ऊसमळ्यांकडे, आणि १९५० साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहून पुढे त्याचे अनुकरण सर्वत्र झाल्यावर गावोगावच्या ऊसतोडीला. बिऱ्हाडाबरोबर मूल जाई. चैत्रात परते तेव्हा वर्ष बुडालेले असे. आज पाचवीत, पुन्हा पाचवीत, आणि मग गुरांमागे. या रोगावर मिशनने शोधलेले औषध म्हणजे बोर्डिंग.

बोर्डिंगविषयी लिहिताना आमचा हात थोडा सैल सुटतो, हे वाचकांनी समजून घ्यावे, कारण १९८० च्या दशकात आम्हीही अशाच एका बोर्डिंगात वाढलो. पहाटे पाचला घंटा. थंडीत विहिरीवर पाणी शेंदायला उभे राहिले की दोर हाताला चावत असे. मग प्रार्थना, मिस्सा, झाडलोट आणि अभ्यास. मोठा मुलगा लहानाचा पाढा घेई, आणि लहान्याचे चुकले तर बोलणी मोठ्याला बसत. या एका नियमाने जितके गणित शिकविले तितके कोणत्याही क्लासने शिकविले नसेल. जेवणात ज्वारीची भाकरी आणि वरण. मोठ्या सणाला गोड. वीज गेली की एका कंदिलाभोवती आठ-दहा डोकी. नाताळात गोठा कोणी उभारायचा यावरून भांडणे होत आणि भजनी मंडळात टाळ कोणाच्या हाती यावरून तर अबोलेही धरले जात. पंगतीत मात्र जो जेथे बसला तेथे बसला. गावात पाणवठा वेगळा असलेल्या मुलाला तेथे प्रथमच कोणी जागा बदलायला सांगत नसे. मुलींची व्यवस्था धर्मभगिनींकडे असे, आणि आमच्या बहिणींच्या पिढीतील परिचारिका व शिक्षिका बहुतेक त्याच आवारातून बाहेर पडल्या.

शाळेच्या वर्गात गावातील मराठा, वंजारी, मुसलमान मुले याच बाकांवर बसत. धर्मशिक्षणाच्या तासाला ती मूल्यशिक्षणाला जात, आणि तास संपला की पुन्हा तोच चेंडू, तीच विटीदांडी.

१९७२ च्या दुष्काळात या बोर्डिंगांनी काय केले, ते आमच्या आधीच्या पिढीकडून आम्ही ऐकले आहे. आईबाप खडी फोडायला आणि ताली टाकायला गेलेले. घरी तांबड्या मिलोची भाकरी. कॅथलिक मदतसंस्थांकडून आलेल्या धान्यावर आणि दुधाच्या भुकटीवर बोर्डिंगची चूल चालली आणि मुले वर्गात राहिली. दुष्काळ सरतो न सरतो तोच १९७६ साली जायकवाडीच्या धरणाचे उद्घाटन झाले. नाथसागराच्या पाण्याखाली पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतील गावे गेली. ज्यांना जमीन होती ते विस्थापित म्हणून गणले गेले. ज्यांना मुळात जमीनच नव्हती ते केवळ उठून गेले.

आता थोडे कटू. शहरांत आपल्या संघांनी उत्तम हायस्कूले उभारली. नागपूरचे संत फ्रान्सिस द सेल्स विद्यालय १८७० चे आहे. खेड्यांत मात्र आपण फार काळ प्राथमिक शाळेवर समाधान मानले. मूल मास्तर झाले, गवंडी झाले, वाहनचालक झाले की आपल्याला भरून पावल्यासारखे वाटे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा पाया रचला, तेव्हा ते आमच्या लोकांच्या सख्ख्या भाऊबंदांसाठी थेट पदवीचे दार उघडत होते. आपण तेव्हा चौथीच्या वर्गात पाट्या मोजत होतो. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आले आणि मग हायस्कूलची निकड आपल्यालाही उमगली.

त्यातच कायद्याने एक गाठ मारून ठेवली होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्माबाहेरील व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नाही. त्यात १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. महाराष्ट्र शासनाने तर नवबौद्धांना १९६० पासूनच सवलती दिल्या. ख्रिस्ती झालेला त्यांचा चुलतभाऊ राज्यात इतर मागासवर्गात मोजला जातो. एकाच वस्तीतील, एकाच आडनावाची दोन मुले दहावी होतात आणि पुढच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर त्यांच्या वाटा फुटतात. आम्ही असे अर्ज भरून दिले आहेत. रकान्यात काय लिहायचे हे विचारणाऱ्या मुलाच्या डोळ्यांकडे त्या वेळी पाहवत नाही. अशा मुलाला अकरावीत जे पोहोचविले, ते बोर्डिंगच्या भाकरीने आणि एखाद्या फादरने कोठून तरी उभ्या केलेल्या फीने. आपल्या निकालाच्या टक्केवारीत ही फी कोठेच दिसत नाही.

१९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत अमरावतीपासून वेगळा झाला. त्यानंतर चित्र पुष्कळ बदलले. आज आपलीच कुटुंबे मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात. फी परवडत नसली तरी घालतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही, कारण आमच्या भाच्यांनीही तेच केले आहे. मराठी शाळेचे वर्ग त्यामुळे विरळ होत चालले, तुकड्या कमी झाल्या, आणि मुलेच नाहीत तर बोर्डिंग कशाला, असा प्रश्न बैठकीत निघू लागला. हिशेबाच्या वहीत तो रास्त आहे. पण बोर्डिंगात आज जी मुले उरली आहेत, ती ज्यांना दुसरीकडे जाताच येत नाही अशांचीच आहेत, आणि त्यांतील कित्येक आपल्या धर्मग्रामातील नाहीत.

गेल्या दसऱ्याच्या आधी एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. कोयता घेऊन जाणाऱ्या टोळीत त्यांचे नाव लागलेले. उचल आधीच खर्च झालेली. मुलगी नववीत. त्यांच्या घरात नववीपर्यंत आलेली ती पहिली. टक्केवारीविषयी त्यांनी काही विचारले नाही.

“फादर, दिवाळीनंतर बी बोर्डिंग चालूच राहील ना? म्हंजे पोरीला संगं न्यायला नको.”

आम्ही हो म्हणालो. बैठक पुढच्या आठवड्यात होती.