मोकदम, मुकादम आणि करारातला तिऱ्हाईत

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडच्या धारूर, वडवणी, पाटोद्याकडून ऊसतोड टोळ्या निघतात. कारखान्याचा करार बहुधा वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा मुकादमाशी; मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. फडात कुणाचा हात कापला आणि माणसं कारखान्यात गेली, की ऐकायला मिळतं: ‘तुमचा-आमचा व्यवहार नाही, मुकादमाला विचारा.’

या उत्तराला वकील ‘प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात. करार ज्यांचा, हक्क आणि बोजा त्यांचाच. तिऱ्हाईताला ना दावा, ना देणं. कूळ विचारलं की १८६१चा इंग्लंडमधला ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन खटला पुढे येतो. दोन व्याह्यांनी नवरदेवाला पैसे द्यायचं आपसात ठरवलं, सासरा न देताच वारला, जावई कोर्टात गेला आणि हरला.

मला ही वंशावळ अपुरी वाटते. मराठेशाहीच्या कागदांत पाटलाला ‘मोकदम’ म्हणतात. मूळ शब्द अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला. ‘कदम’, पाऊल, याच धातूचं. सरकारचा वसुलीचा तगादा मोकदमाला. रयतेशी निस्तरायचं त्याने. आजचा मुकादम त्याच जागी उभा आहे. उचलीला जुना शब्द ‘पेशगी’, तोही फारसी ‘पेश’, म्हणजे ‘पुढे’, यावरून. माणूसही पुढचा, पैसाही पुढचा! तेव्हा माझा तर्क असा, की मधल्या माणसाआड धन्याने दिसेनासं व्हायचं ही रीत इथे आधीच होती. इंग्रजी कायद्याने तिला फक्त वकील दिला.

उलट बाजूही भक्कम आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्यात मोबदला ‘इतर कोणी’ दिला तरी चालतो. १९१० साली प्रिव्ही कौन्सिलने ख्वाजा मुहम्मद खान खटल्यात, बापांनी लग्नाच्या वेळी केलेल्या करारावर सुनेला दरमहा ५०० रुपयांचा ‘खर्च-इ-पानदान’ हा हातखर्च मिळवून दिला. म्हणजे आपल्याकडे नियम लवचीक! पण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने चाको खटल्यात मूळ नियम कायम ठेवला. अपवाद अपवादच राहिले. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही एक दार उघडलं: ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने भरायची. पण मुकादमाच्या वहीत नाव असलेल्या माणसाने ‘माझा मुख्य मालक कोण’ हे कोणत्या कागदावरून दाखवायचं?

खरी मेख कोयत्यातच आहे. बोलणी पुरुषाशी होतात, उचल त्याच्या हाती पडते; बाई करारात नसते. तरी मोळ्या बांधते तीच, गाडीत भरायला डोक्यावर वाहते तीच, आणि उचल फिटेपर्यंत अडकते तीही. तिऱ्हाईताला हक्क नाही हे कलम तिच्यापाशी काटेकोर पाळतात. तिऱ्हाईतावर बोजा नाही हे दुसरं अर्धं मात्र वहीत उतरतच नाही. अर्धा कोयता असतो, तसा बीडला पोचलेला हा अर्धा नियम आहे.