खुपऱ्यांचा इतिहास आणि रक्ताची बखर

राहुरीला मुळेच्या कांठीं आज ऊस उभा दिसतो. पण अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पांचवीला दुष्काळ पुजलेला. तेव्हां पाण्याच्या तुटवड्यावर पोसणाऱ्या खुपऱ्यांविषयीं येथें बोलणें अप्रस्तुत ठरूं नये. तोंड धुण्यास पाणी अपुरें, चिपडांवर माशा आणि घरभर एकच पंचा, एवढें या रोगास पुरतें. पापणीच्या आंत दाणे उठतात. वारंवार लागण होऊन वण पडतात. मग पापणी आंत वळते, केस बुबुळावर घासत राहतात आणि शेवटीं दृष्टि जाते.

रोगाचें मूळ फार उशिरां हातीं लागलें. १९०७ सालीं जावा बेटांत हाल्बरस्टेटर व प्रोवाझेक यांना पापणीच्या पेशींत सूक्ष्म कण दिसले. तो जंतु कोंबडीच्या अंड्यांत वाढविल्याचें चीनच्या तांग फेइफान यांनीं प्रसिद्ध करावयास १९५७ साल उजाडलें. आपल्या देशानें १९६३ सालीं राष्ट्रीय मोहीम काढली. २०१४ ते २०१७ च्या पाहणींत सक्रिय रोग असलेल्या मुलांचें प्रमाण अवघें ०.७ टक्के भरलें, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें हा रोग भारतांतून 'सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून' दूर झाल्याचें मान्य केलें. हे शब्द नीट ऐकावे. जंतु नाहींसा झाला, असें त्यांत म्हटलेलें नाहीं.

खरी अडचण येथूनच सुरू होते. दाणे इतर कारणांनींही येतात, आणि जंतु गेल्यावरही कांहीं काळ रेंगाळतात. त्यांतून ज्या तरुण डॉक्टरानें खुपरी कधीं पाहिलीच नाहीं, त्यानें ती ओळखावी कशी?

म्हणून संशोधक रक्ताकडे वळले. जंतूशीं झुंजतांना शरीर जीं प्रतिद्रव्यें तयार करतें, तीं वर्षानुवर्षें रक्तांत राहतात. या जंतूच्या 'पीजीपी-३' नांवाच्या प्रथिनाविरुद्धचीं प्रतिद्रव्यें शोधण्यास बोटाच्या टोंकावरचे थोडे थेंब पुरतात; ते टिपकागदावर वाळवून दूरच्या प्रयोगशाळेंत धाडतां येतात. टांझानियांतील मुलांवरचा असा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. येथें आजीचें रक्त कामाचें नाहीं. तें तिच्या बालपणाची हकीकत सांगेल. एक ते पांच वर्षांच्या मुलांचें हवें. जेथें रोग खेळता आहे, तेथें प्रतिद्रव्यें असलेल्या मुलांचें प्रमाण वयाबरोबर चढत जातें. जेथें थांबला, तेथें तें अल्प व सपाट राहतें. मात्र याच जंतूचे गुप्तरोग उत्पन्न करणारे भाऊबंद आहेत. प्रसूतीच्या वेळीं आईकडून त्यांची लागण झाली, तर तेंही रक्तांत नोंदलें जातें. म्हणून एकट्या मुलावरून कांहीं ठरवावयाचें नसतें. सगळ्या टापूचा हिशेब मांडावयाचा असतो.

आणि टापू म्हणजे कोण? ऊसतोडीच्या हंगामांत इकडे फडांशेजारीं कोप्या पडतात. त्यांतलीं मुलें कांहीं महिने येथें, कांहीं महिने आपल्या गांवीं. पाहणीसाठीं गांवांतलीं घरें निवडलीं, तर हीं मुलें कोणत्या गांवचीं धरावयाचीं? त्यांच्यांत रोग आहे, असें मी म्हणत नाहीं. पण पाणी तेथें पुष्कळदां दुरून घागरीनें आणावें लागतें. आणि रक्ताचे थेंब टिपावयाचेच, तर टिपकागद प्रथम त्या कोप्यांकडे न्यावा, असें मला वाटतें.