जिप्सीचे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. जुनी जिप्सी विकत घेताना मात्र दोन्ही विचारावे, आणि तेही पैशांची बोलणी सुरू होण्याआधी.

हे लिहायचे कारण असे की पाऊस ओसरला की दरवर्षी ओळखीतला कोणीतरी तरुण मला जुन्या जिप्सीबद्दल विचारतो. कोणाची सत्तरीत काजूची बागायत असते आणि शेवटचा मैलभर रस्ता म्हणजे नुसते दगड आणि दोन व्हाळ. कोणाला काणकोणच्या डोंगरात भटकायचे असते. कोणाला नुसतीच हौस. बहुतेकांची ती पहिलीच गाडी, आणि पैसे पोटाला चिमटा घेऊन साठवलेले. विकणारा बॉनेटवर थाप मारून म्हणतो, "मिलिटरीची गाडी, लोखंड बघा!" आणि नवखा माणूस तिथेच विरघळतो. मी काही गाड्यांचा मेस्त्री नव्हे. जुन्या गोष्टींचा नाद असलेला माणूस. पण या गाडीच्या बाबतीत तिचा इतिहास ठाऊक असला तर काय तपासायचे ते आपोआप कळते, असा माझा अनुभव आहे. म्हणून ही कुळकथा.

आमच्या आधीच्या पिढीला डोंगर चढणारी गाडी म्हणजे जीप. ती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जन्मली, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी जुळवायला घेतली. गोव्यात ती खाणींवर दिसली, आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याबरोबरही आली. गाडी दणकट, पण जड आणि पेट्रोल पिणारी. गंमत पाहा, पन्नासच्या दशकापासून गोव्याचे लोहखनिज बोटी भरभरून जपानला जात होते, आणि त्याच जपानमध्ये जीपचे एक अगदी छोटे भावंड आकार घेणार होते.

युद्धानंतर जपान सरकारने छोट्या गाड्यांचा 'केई' नावाचा एक वेगळा वर्ग केला होता. साठच्या दशकात त्याची मर्यादा अशी होती: लांबी तीन मीटर, रुंदी १.३ मीटर, इंजिन ३६० सीसी. एवढ्यात बसलात तर कर कमी. होप नावाच्या एका लहान कंपनीने १९६७ मध्ये मित्सुबिशीचे इंजिन घेऊन या मापात चारही चाकांना ताकद देणारी गाडी केली. नाव 'ओएन ३६०'. मोजक्याच गाड्या झाल्या आणि कंपनीचा दम संपला. १९६८ मध्ये सुझुकीने तिचे हक्क घेतले. पुढे अनेक दशके सुझुकीची सूत्रे सांभाळणारे आणि डिसेंबर २०२४ मध्ये निवर्तलेले ओसामु सुझुकी यांचा त्यामागे आग्रह होता.

एप्रिल १९७० मध्ये पहिली जिमनी, म्हणजे 'एलजे १०', बाजारात आली. ३५९ सीसीचे दोन सिलिंडरचे, हवेने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन, ताकद २५ अश्वशक्ती. तीन मीटरच्या कायद्यात बसावी म्हणून स्टेपनी मागे न टांगता आत ठेवली, त्यामुळे माणसे बसायची तीनच! पण वजन सहाशे किलोच्या आसपास. चिखलात कामी येतो तो हलकेपणा, ताकद त्यानंतर. जीप जिथे स्वतःच्या वजनाने रुतत असे तिथून ही टुणकन निघून जाई. पुढच्या सगळ्या कथेचे बीज हेच.

१९८१ मध्ये दुसरी पिढी आली, चौकोनी चेहऱ्याची. तिच्यात चार सिलिंडरचे ९७० सीसीचे इंजिन घातलेली आवृत्ती म्हणजे 'एसजे ४१०'. त्याच वर्षी इकडे मारुती उद्योगाची स्थापना झाली, १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९८५ मध्ये, जिप्सी आली. एसजे ४१० ची लांब आवृत्ती, पुढच्या आणि मागच्या चाकांत २,३७५ मिलिमीटर अंतर. म्हणजे जपानी छोट्या गाडीपेक्षा फूटभर जास्त, कारण आपल्याकडे मागे माणसे बसणार हे ठरलेलेच. गोवा तेव्हा घटकराज्य झाले नव्हते. दमण आणि दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश होता, आणि इथल्या गाड्यांचे नंबर 'जीडी' अक्षरांनी सुरू होत. तसा नंबर असलेली जिप्सी कुठे दिसलीच तर ती अगदी पहिल्या खेपेतली समजावी.

आता इथून इतिहास आणि खरेदी एकत्र चालू लागतात.

पहिली जिप्सी ९७० सीसी, ४५ अश्वशक्ती, चार गिअर. घाटात ती चढते, पण हायवेवर मागचे ट्रक हॉर्न वाजवतात. शिवाय ती उंच आणि अरुंद. हिचीच सख्खी बहीण १९८५ च्या अखेरीस अमेरिकेत 'समुराई' नावाने गेली. १९८८ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकाने ती वळणावर उलटू शकते असे जाहीर केले. सुझुकीने १९९६ मध्ये दावा लावला, आणि २००४ मध्ये तो तडजोडीने मिटला. खरे-खोटे वकिलांकडे सोडा. पण १९९३ मध्ये भारतात जिप्सीच्या दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर ९० मिलिमीटरने वाढवले गेले, हेही लक्षात ठेवा. नवख्याने यातून घ्यायचा धडा सरळ आहे. १९९३ च्या आधीची गाडी संग्राहकांना सोडून द्यावी, आणि खाली ठोकळे घालून आणखी उंच केलेली जिप्सी कितीही रुबाबदार दिसली तरी घेऊ नये.

१९९६ मध्ये 'जिप्सी किंग' आली. १,२९८ सीसी, पाच गिअर, ६० अश्वशक्ती. २००० मध्ये तिला सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय इंजिन मिळाले आणि ताकद ८० वर गेली. रोज वापरायची असेल तर २००० नंतरचीच बघावी. सकाळी कार्ब्युरेटरशी हुज्जत घालायला प्रत्येकाकडे वेळ नसतो.

एक मोठी गोम इथेच आहे. एस्टीम गाडीचे १३०० चे इंजिन याच घराण्यातले, त्यामुळे अनेक जुन्या जिप्स्यांत ते बसवले गेले. काहींत चक्क डिझेल. गाडी पळते उत्तम. पण आरसी बुकात एक नंबर आणि इंजिनावर दुसरा असेल, तर तुम्ही गाडी नव्हे, एक खटला विकत घेत आहात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असा निकाल दिला आहे. कापडी टपाच्या गाडीला पत्र्याचे टप घातले असेल तर तेही बुकात नोंदलेले हवे. म्हणून आधी कापसाने तेलकट मळ पुसून इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, मग चहा घ्यावा.

गाडी कोणत्या कुळातून आली, हा पुढचा प्रश्न. गोव्यात विकायला येणाऱ्या जिप्स्यांची माझ्या पाहण्यातली कुळे चार.

पहिले कूळ खाणीचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, आणि पुन्हा २०१८ मध्ये. तेव्हा खाणींवर फिरणाऱ्या गाड्या विकायला निघाल्या. यांचे इंजिन बरे असू शकते, पण तांबडी धूळ चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि पुढच्या चाकांच्या सांध्यांत गेलेली असते. पन्नास-साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरले तर समजावे.

दुसरे कूळ किनाऱ्याचे. वाळूत पर्यटकांना फिरवलेली गाडी. वरून रंग चकाचक, खाली खारे पाणी आपले काम करून गेलेले. जिप्सीचा सांगाडा शिडीसारखा, आणि गाडीचा प्राण त्यातच. खाली चटई टाकून झोपावे, लहान हातोडीने सांगाडा ठोकत जावे. टणटण वाजला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत गंज. मागच्या पाट्यांच्या जोडाजवळ जास्त बघावे. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर विकणाऱ्याला एवढी काळजी कशाची वाटली, ते शोधावे.

तिसरे कूळ दिल्लीचे. तिथे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. तेव्हा कित्येक जुन्या गाड्या ना हरकत दाखला घेऊन देशभर गेल्या. कोरड्या हवेतली गाडी असल्याने पत्रा चांगला असतो, पण वय झालेले असते. फॉर्म २८ चा तो दाखला हातात पडल्याशिवाय रुपयाही देऊ नये.

चौथे कूळ लष्कराचे. सैन्याने जिप्स्या हजारोंनी घेतल्या आणि जुन्या झाल्या की लिलावात काढल्या. विकणारे यालाच मोठेपणा मानतात. पण सैन्याने काढून टाकलेली गाडी ही वापरून संपवलेली गाडी, हेही तितकेच खरे. लिलावाचा कागद आणि त्यानंतरची नागरी नोंदणी दोन्ही नसतील तर ती शोभेची वस्तू. आणि तो लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीला कायद्याने चालत नाही, हे हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

कागदांचा आणखी एक हिशेब. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींना १०,००० झाले. नागरिकांसाठी जिप्सी २०१९ च्या सुरुवातीला बंद झाली, कारण नव्या सुरक्षा नियमांत ती बसत नव्हती. म्हणजे सर्वांत तरुण जिप्सीसुद्धा २०३४ मध्ये पंधरा वर्षांची होणार. २०१० ची गाडी घ्याल तर ती ही रेषा ओलांडून गेली आहे. नूतनीकरण झालेले आहे का, हे विचारणे म्हणूनच इंजिनाच्या आवाजापेक्षा महत्त्वाचे. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५, विमा, आणि थकलेली चलने. ही यादी खिशात ठेवावी.

मग चालवून पाहणे. फोर व्हीलचा दांडा कोरड्या डांबरावर टाकून दाखवणाऱ्याला थांबवावे. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारी मधली सोय नाही, त्यामुळे डांबरावर वळताना सगळा ताण गिअरांवर येतो. मातीच्या रस्त्यावर जावे, काही गाड्यांत पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवावे लागतात ते फिरवावे, मग दांडा टाकून सरळ चालवावे. पुढची चाके खरोखर ओढतात का? लो गिअरमध्ये चढावर दांडा आपोआप सुटतो का? सुटत असेल तर खर्च मोठा. पाट्यांमुळे पाठ दणकते, तो दोष नव्हे, स्वभाव. लिटरला दहा किलोमीटरच्या आसपासचा हिशेब धरावा. जुन्या रबरी पेट्रोल नळ्या बदलून घ्याव्यात, कारण आताचे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल त्यांना सोसवत नाही.

एवढे ऐकून कोणी विचारेल, मग नकोच का? तसे नाही. जून २०२३ मध्ये पाच दारांची जिमनी भारतात आली. दीड लिटरचे इंजिन, पाट्यांऐवजी स्प्रिंगा, एबीएस, सहा एअरबॅगा, आणि खाली तोच शिडीचा सांगाडा. ती आता जुन्या बाजारातही मिळते. ज्याला सकाळी चावी फिरवून कामाला जायचे आहे, घरची माणसे बसवायची आहेत, त्याने थोडे थांबून, थोडे जास्त साठवून तीच घ्यावी. जिप्सी घ्यावी ती ज्याच्या गावात तिचा जाणता मेस्त्री आहे त्याने. किमतीच्या निदान चौथ्या हिश्शाएवढी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढावी, आणि ती काढता येत नसेल तर सौदा पुढच्या वर्षावर ढकलावा.

सासष्टीचे अरुंद रस्ते, सत्तरीचे चढ, कुळागराकडे जाणारी निसरडी पायवाट, यांना छोटी, हलकी गाडीच मानवते. मोठ्या धुडांची फॅशन आली तरी रस्ते काही रुंद झालेले नाहीत. जिप्सी आता नवी मिळत नाही, त्यामुळे जी नीट पारखून घेतली जाईल आणि निगुतीने राखली जाईल तेवढीच उरेल. बाकीच्या कुठल्यातरी गॅरेजच्या मागे, अळूच्या पानांखाली गंजत राहतील.