एक्सपीचे उत्तरायुष्य

२५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला. सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. संगणक मात्र चालतच होते; मग प्रणाली बदलावी का?

ब्रिटिश सरकारने या प्रश्नावर मुदत विकत घेतली. सुमारे ५५ लाख पौंड मोजून वर्षभराचा वाढीव आधार मिळवला. यास निव्वळ आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. रुग्णालयांतील कित्येक महागड्या तपासणी-यंत्रांचे सॉफ्टवेअर जुन्या प्रणालीशीच जखडलेले होते.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या वेळा रद्द झाल्या. खापर लगोलग एक्सपीवर फुटले. मायक्रोसॉफ्टनेही दुसऱ्याच दिवशी, नियम मोडून, एक्सपीसाठी दुरुस्ती दिली.

पण तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालातून निराळेच चित्र पुढे आले. बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होती, म्हणजे तेव्हा आधार शाबूत असलेली प्रणाली! तिची दुरुस्ती १४ मार्चलाच उपलब्ध झाली होती. ती बसवण्याचेच राहून गेले होते. नवी प्रणाली घेऊनही ही मंडळी जुन्याच सवयीने वागत होती.

भारतात एक्सपी दीर्घकाळ टिकली ती एटीएममध्ये. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले, की सर्व एटीएमवरील कालबाह्य प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदला. एक्सपीचा आधार संपून तोवर चार वर्षे उलटली होती.