57 क्रमांकाच्या कार्डाची कुळकथा

अमेरिकेतील ‘फ्लीअर’ या कंपनीने 1986-87 च्या हंगामासाठी छापलेले मायकेल जॉर्डनचे 57 क्रमांकाचे कार्ड बास्केटबॉल कार्डांच्या संग्राहकांना सर्वाधिक परिचित असले, तरी त्याचे कूळ तंबाखू आणि मिठाई यांच्या धंद्यात सापडते. 1880 नंतरच्या दशकात अमेरिकेत सिगारेटची पाकिटे नाजूक कागदाची असत आणि आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा ताठ तुकडा घालीत. या तुकड्यावर बेसबॉलपटू, मुष्टियोद्धे, नट्या यांची चित्रे छापली, तर संच पुरा करण्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा त्याच छापाचे पाकीट घेईल, हे रिचमंड शहरातील ‘ॲलन अँड गिंटर’सारख्या उत्पादकांनी हेरले. बास्केटबॉल हा खेळ 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे जन्माला आला. म्हणजे कार्डांचा हा छंद या खेळाहून वयाने थोरला आहे. पुढे बबल गमच्या कारखानदारांनी हीच युक्ती उचलली आणि कार्डांचा गिऱ्हाईक प्रौढ धूम्रपान करणाऱ्याऐवजी शाळकरी मुलगा झाला.

बास्केटबॉलचा पहिला महत्त्वाचा संच ‘बोमन’ कंपनीने 1948 मध्ये काढला. त्यातील 72 कार्डांपैकी 69 क्रमांकाचे कार्ड मिनीॲपोलिस लेकर्सचा उंचापुरा खेळाडू जॉर्ज मायकन याचे होते. तथापि मुलांचा ओढा बेसबॉलकडे असल्याने बास्केटबॉलची कार्डे सातत्याने कधीच निघाली नाहीत. 1957-58 मध्ये ‘टॉप्स’ने एक संच काढून हात आखडता घेतला, 1961-62 मध्ये ‘फ्लीअर’ने विल्ट चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट यांना घेऊन 66 कार्डे छापली आणि तीही थांबली. 1969-70 पासून ‘टॉप्स’ पुन्हा नियमितपणे बाजारात आली खरी, पण 1981-82 च्या हंगामानंतर तिनेही हा धंदा सोडला. या खंडांचा विसर पडला, तर जुन्या बास्केटबॉल कार्डांचे मोल समजत नाही. ज्या काळात कोणी ती सांभाळून ठेवण्याजोगी मानली नाहीत, त्याच काळातील कार्डे आज दुर्मिळ आहेत.

शेवटच्या खंडातच, 1984 मध्ये, जॉर्डन शिकागो बुल्स संघात आला. दुकानात सुटी पाकिटे विकणारी कोणतीच मोठी कंपनी तेव्हा बास्केटबॉलची कार्डे काढीत नव्हती. त्यामुळे 1986 मध्ये ‘फ्लीअर’ने 132 कार्डांचा संच आणला, तेव्हा दोन हंगाम खेळून झालेला जॉर्डन त्यात प्रथमच आला. संच आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावल्याने त्याच्या वाट्याला 57 हा आकडा आला. त्यामागे मानाचा काही संबंध नव्हता. मेणकागदाच्या पाकिटात बारा कार्डे, एक स्टिकर आणि गमची वडी असे.

हे पाकीटच कार्डाचे वैरी होते. गमचा डाग आणि वेष्टनाचे मेण आतल्या कागदावर उतरे, आणि छपाईचा मोठा ताव कापताना पाते किंचित सरकले, तरी चित्राभोवतीच्या लाल, पांढऱ्या व निळ्या चौकटीमुळे ते लगेच उघडे पडे. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राचा मध्य साधला आहे की नाही, हे तपासून कार्डाला 1 ते 10 गुण देण्याची आणि ते प्लास्टिकच्या बंद पेटीत घालण्याची पद्धत, म्हणजेच ‘ग्रेडिंग’, ‘पीएसए’ या संस्थेने 1991 पासून रुळवली. दहा गुणांची दोन जॉर्डन कार्डे 2021 च्या जानेवारीत लिलावात प्रत्येकी 7,38,000 डॉलरना गेली. अशा किमतीमुळे बनावट प्रतीही फार झाल्या. भिंगाखाली अस्सल कार्डाचे चित्र शाईच्या ठिपक्यांचे दिसते आणि त्यावरील काळी अक्षरे सलग भरीव दिसतात. मूळ कार्डाची प्रतिमा घेऊन केलेल्या नकलेत अक्षरेही बहुधा ठिपक्यांत फुटतात.

संग्राहक खेळाडूच्या पहिल्या प्रमुख कार्डाला ‘रूकी कार्ड’ म्हणतात आणि 57 क्रमांकाला तो मान देतात. तारखेचा निकष लावला, तर ‘स्टार’ या छोट्या कंपनीने 1984-85 मध्येच जॉर्डनचे 101 क्रमांकाचे कार्ड काढले होते. परंतु ती कार्डे संघवार पिशव्यांतून मोजक्या विक्रेत्यांमार्फत विकली गेली, आणि कोणती मूळ छपाईची व कोणती मागाहूनची, याविषयी पुढे शंका निर्माण झाल्या. मुलांच्या हाती सहज पडलेल्या कार्डालाच पहिलेपण देण्याचा हा संकेत बाजाराच्या सोयीचा आहे. इतिहासाच्या दृष्टीने जॉर्डनच्या व्यावसायिक कारकिर्दीच्या प्रारंभाचा साक्षीदार 101 क्रमांकाचे कार्डच आहे.