चिमूटभर निळी पूड

चिखलीचा माझा एक मित्र बुलढाण्यात केमिस्ट्रीत पीएचडी करत होता. दिवाळीत घरी गेलो की मी त्याच्या लॅबमध्ये डोकवायचो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन घ्यायचं, त्यात तांब्याचा नाहीतर कोबाल्टचा क्षार घालायचा, तासन्‌तास उकळायचं, गाळायचं, वाळवायचं. हाती काय, तर चिमूटभर रंगीत पूड! "कॅन्सरवर चालेल कदाचित," तो म्हणायचा. "अरे, कोण विचारतंय तुझ्या पुडीला?" असं म्हणून मी हसलो होतो.

मग माझ्या मावसभावाला वृषणाचा कॅन्सर निघाला. वय 27. कीमोच्या कागदावर तीन नावं होती: ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन. शनिवार-रविवार बसून वाचलं आणि मित्राची लॅब आठवली.

सिस्प्लॅटिन म्हणजे प्लॅटिनमचं संयुग. पेरोने नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ते 1840च्या दशकातच बनवलं होतं. पुढची शंभराहून जास्त वर्षं त्याच्या औषधी गुणाचा कुणाला पत्ताच नव्हता! 1965 साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंमधून वीज सोडून बघत होते. जिवाणू वाढत होते, पण विभागत नव्हते. नुसते दोऱ्यासारखे लांब होत होते. गुन्हेगार वीज नव्हतीच. इलेक्ट्रोडचं प्लॅटिनम विरघळून द्रावणात नवी संयुगं बनली होती. जिवाणूचं विभाजन थांबतं, मग कॅन्सरच्या पेशीचं का नाही? 1969मध्ये उंदरांवर उत्तर मिळालं, 1978मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी.

ब्लिओमायसिन तर मुळात अँटिबायोटिकच. जपानमध्ये हामाओ उमेझावांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून ते वेगळं केलं, 1966 साली जगापुढे आणलं. मिळालं ते तांब्याला चिकटलेलं, निळं! औषध म्हणून देताना तांबं काढून टाकतात. शरीरात ते लोखंड पकडतं आणि ऑक्सिजनच्या मदतीने डीएनए तोडतं. म्हणजे धातूशिवाय हत्यार बोथटच.

1974मध्ये लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ही दोन्ही औषधं, व्हिनब्लास्टिनच्या जोडीने, वृषणाच्या कॅन्सरवर वापरली. पसरलेला रोगही बरा होऊ लागला. व्हिनब्लास्टिनच्या जागी इटोपोसाइड नंतर आलं.

आता खरं सांगायचं तर अशा बहुतेक पुड्या काचेच्या नळीपुढे जात नाहीत. नळीतली पेशी मारणं सोपं. माणूस वाचवून पेशी मारणं अवघड. मित्रालाही हे माहीत होतं, तरी तो उकळत राहिला.

भावाचे रिपोर्ट सध्या स्वच्छ आहेत. परवा मित्राला फोन केला. तो आता शिकवतो. बाटल्या म्हणे अजून कपाटात आहेत, लेबलांसकट. "टाकू नकोस रे," एवढंच म्हणालो. माफी मागायची होती, ती राहिलीच.